माजी विद्यार्थी संघाचं एक वर्ष, गणपती ते गणपती

खाडीकाठ
12 सप्टेंबर 2025, रात्री 10:50

गणपती गेले, चाकरमानी गेले, वाडीत आता आम्ही नेहमीचेच आणि कुत्री. म्हटलं लिहून काढू.

गेल्या वर्षी गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 13 सप्टेंबर 2024 ला, शाळेच्या व्हरांड्यात आमच्या माजी विद्यार्थी संघाची सभा झाली आणि मला खजिनदार केलं. केलं म्हणजे मी चहाची किटली आणायला गेलो होतो, परत येईस्तोवर टाळ्या वाजून झाल्या होत्या. शाळेचं नाव लिहीत नाही. दापोली तालुका, खाडीची बाजू, चिऱ्याची इमारत, पुढे उंडीचं झाड, ओळखणारे ओळखतील, ओळखलंत तरी इथे लिहू नका.

हातात आला खारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात अर्धं पावतीपुस्तक, पासबुक, रबर स्टॅम्प, वाळून खडंग झालेलं स्टॅम्पपॅड आणि 2016 च्या गेट टुगेदरच्या जेवणाचं बिल, त्यावर कोणीतरी पेनने लिहिलेलं "उरलेले 340 कोणाकडे?" नऊ वर्षं झाली, उत्तर नाही.

आधी संघ म्हणजे नुसता व्हॉट्सॅप ग्रुप होता आणि पैसे एका दादाच्या खात्यात जमा व्हायचे. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी कुजबुज व्हायची ती झालीच. मग शहाणे होऊन रीतसर नोंदणी केली, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा, दोन्हीखाली. सात माणसं लागतात, ती मिळाली, फोटो काढले, पेढे वाटले. पुढचं मात्र कोणाच्या डोक्यातच नव्हतं की कमिटी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणजे आमचे दिवस 12 डिसेंबरला संपणार. मधे 20 नोव्हेंबरचं विधानसभेचं मतदान, शाळा मतदान केंद्र, त्यामुळे आठवडाभर तिकडे फिरकायची सोय नाही, जुने सेक्रेटरी नालासोपाऱ्यात, जुने अध्यक्ष बडोद्याला मुलाकडे, आणि दोघांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. तो कागद कोणाकोणाच्या पिशवीतून फिरला ते विचारू नका, घडीवर सुक्या बांगड्याचा वास लागला होता. 9 डिसेंबरला दाखल केला.

आता मुख्य रडगाणं. ऑक्टोबरात मुंबईकर बॅचेसनी शाळेला मोठा टच पॅनल दिला. चार दिवसांत पैसे जमले, रिबीन, नारळ, फेसबुकवर फोटो. हेडबाई सगळ्यांचे आभार मानून मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे छान आहे रे, पण मुलींच्या संडासात पाणी चढत नाही." विहिरीतला फुटव्हॉल्व्ह गेला होता. म्हणजे पंप चालायचा, घरघर ऐकू यायची, पण पाइपातलं पाणी परत खाली, टाकी कोरडी. मुली दुपारच्या सुट्टीत जवळच्या घरी जायच्या नाहीतर घरी जाईपर्यंत दम धरायच्या. मी ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, एक नमस्कार. पुन्हा टाकलं, तेव्हा एकाने लिहिलं की हे किरकोळ खर्च शाळा चालवणाऱ्या संस्थेने बघावेत. संस्थेचं म्हणणं वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, येऊ दे. आणि पॅनलवर बाईंनी जुनी चादर घातलीये, कारण लाईट जाते नि खारा वारा कोणाच्या बापाला ऐकत नाही.

वर्षभरातलं मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा. लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. मुलं हुशार आहेत, शिक्षक शिकवतात, अडतं ते दाखल्यापाशी. बाप हर्णैला बोटीवर, तो आठ आठ दिवस समुद्रात, आईचं नाव आधारवर एक, शाळेत दुसरं. आमच्यातला एक जण सेतूचं काम करतो, त्याने आठवडाभर संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर शाळेत बसून एकेकाचे कागद लावले. अकरा पोरं बसली, दोन लागली. दोघांचे चार वर्षांचे मिळून 96,000 होतात. पॅनल याहून महाग होता, एवढं लिहून थांबतो.

दादर_स्लो
12 सप्टेंबर 2025, रात्री 11:35

मी तुमच्या शाळेचा नाही, पलीकडचा, गुहागरचा. धागा मस्त, पण एक बोलू का राव, तुम्ही गाववाले दरवेळी "मुंबईकर नुसते पैसे टाकतात" हा सूर लावता. आम्ही काय करायचं? सभा ठेवता गौरीच्या दुसऱ्या दिवशी. तिकिटाचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला दोन मिनिटांत वेटिंग, मग खेडपर्यंत दरवाजात उभं राहून यायचं, दीड दिवसाचा गणपती करून पळायचं, सभेला थांबायचं कसं. आणि पैसे टाकले तर पावती? आमच्या संघाला मी 5,000 दिले, आठ महिने झाले, पावती नाही. वर प्रत्येक जण 80जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, विचारतो नि खजिनदार गायब.

खाडीकाठ
12 सप्टेंबर 2025, रात्री 11:58

पावतीचं मान्य, आपण दोषी. आमच्याकडे पण जानेवारीपर्यंत कोणाला पावती गेली नव्हती, स्टॅम्पपॅड वाळलंय हे कारण मी चार महिने दिलं. शेवटी बायकोने तीस रुपयांचं आणून समोर ठेवलं.

80जी बद्दल एकदाच सगळ्यांसाठी. धर्मादायकडे नोंदणी झाली म्हणजे 80जी मिळालं असं नाही, ते इन्कम टॅक्सकडून वेगळं घ्यावं लागतं, आधी 12ए ही संस्थेच्या करमाफीची नोंदणी, मग 80जी. आमच्याकडे नाही. आणि तुम्ही नव्या कररचनेत असाल तर असूनही काही उपयोग नाही, त्यात ती वजावट मिळतच नाही. तरी दर गेट टुगेदरला कोणीतरी उठून विचारतोच, आणि विचारणाऱ्याने स्वतः 500 दिलेले असतात.

फळा_खडू
13 सप्टेंबर 2025, सकाळी 7:10

मी अशाच एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. माझ्याकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या अकरा शाली आहेत. कोकणात शाल पांघरायची कधी, सांगा. एक कुत्रीच्या पिल्लांना घातली.

एक लिहितो, ते पॅनलपेक्षा जवळचं आहे. यंदा मे महिन्यात दहावीचा निकाल लागला, राज्याचा 94.10 टक्के, कोकण विभागाचा 98.82, नेहमीप्रमाणे आपण पहिले, सगळीकडे अभिनंदन. पण पट बघा. मी लागलो तेव्हा दहावीला दोन तुकड्या होत्या, निवृत्त झालो तेव्हा एक आणि तीही पुढच्या दोन बाकांत मावणारी. घरं पनवेल-विरारला गेली, उरलेल्यांतली दारात पिवळी बस येते तिकडे गेली. शिक्षक पटावर मंजूर होतात, संच मान्यतेत दोन पोरं कमी पडली की एक माणूस अतिरिक्त, मग गणिताच्या तासाला मराठीवाला. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी खरंच काही करायचं असेल तर मे महिन्यात चौथी-सातवी झालेल्या घरी जाऊन बसा. मास्तर गेला की लोकांना वाटतं नोकरी वाचवायला आलाय. गावातला शिकून मोठा झालेला गेला तर चहा तरी नीट मिळतो.

आणि खाडीकाठ, एसटीचं लिही की. मला तुमच्याकडचं थोडं कळलं होतं.

खाडीकाठ
13 सप्टेंबर 2025, दुपारी 1:20

सर, नमस्कार. एसटीचं छोटंसंच आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी निघायची, मग फुकट पास घेऊन पोरी चालत चार किलोमीटर. आमच्यातले एक काका कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. ते म्हणाले तुम्ही लिहू नका, तुमचं मराठी फार चांगलं आहे, तिथे कोणी वाचणार नाही. त्यांनी त्यांच्या भाषेत अर्ज केला, गाडी नंबर, फेरी नंबर, किती पासधारक. तिसऱ्या अर्जाला गाडीची वेळ पंचवीस मिनिटं पुढे गेली. सत्कार ठेवला तर काका म्हणाले शाल नको.

माहेरवाशीण
13 सप्टेंबर 2025, रात्री 9:15

खाडीकाठ, अरे किती सोयीस्कर लिहिलंयस. शिमगा कुठे गेला?

मी याच शाळेची, याच्या पुढे दोन वर्षं. बाकीच्यांसाठी सांगते. फेब्रुवारीपर्यंत यांच्या संघाच्या यादीत दीडशेच्या घरात नावं, त्यात बायका नऊ. का, तर "मुली सापडत नाहीत". कशा सापडतील, शाळेच्या जनरल रजिस्टरला कु. अमुक तमुक माहेरचं नाव, आता आडनाव वेगळं, गाव वेगळं, कित्येकींचं पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. फेसबुकवर शोधून काय होणार.

मग याच्या डोक्यात आलं, आणि मान्य करते की भारी आलं, की शिमग्याला पालखी सहाणेवर बसते तेव्हा माहेरवाशिणी ओटी भरायला येतातच. यंदा होळी 13 मार्चला होती, दहावीचा शेवटचा पेपर 17 ला, त्यामुळे परीक्षेची पोरं असलेल्या घरांत पालखी दुपारी न्यायची आणि ढोल जरा लांब ठेवायचा असं गावकीत ठरलं होतं, ते पण पाळलं. तर मी नि माझी आत्या, सहाणेच्या बाजूला पायरीवर दोनशे पानी वही घेऊन. माहेरचं नाव, बॅच, फोन. आत्या चौथी शिकलेली पण कोण कोणाची, कुठे दिली, सगळं तोंडपाठ. ओटी भरून वळली की आत्या हाक मारायची, "गो, इकडं ये, शाळेत कुठल्या साली होतीस?" साल कोणालाच आठवत नव्हतं, सगळ्या सांगायच्या "बाई अमक्या होत्या तेव्हा" किंवा "माझ्या आदल्या वर्षी पूल झाला". पाच दिवसांत एकशे बारा नावं. एक सासूबाई नातीला घेऊन आलेल्या, त्या 1968 च्या. त्यांनी स्वतःचं माहेरचं पूर्ण नाव सांगितलं आणि हसायलाच लागल्या, म्हणाल्या किती वर्षांनी बोलले गो.

आणि मग या लोकांनी काय केलं? वहीचा फोटो काढून रात्रीत सगळे नंबर मोठ्या ग्रुपवर चढवले. न विचारता. सकाळी सहापासून फुलांचे गुड मॉर्निंग, दोन राजकीय पक्षांची भांडणं, आणि एक 1989 वाले गृहस्थ रात्री साडेदहाला फोन करून "ओळखलंस का, तू तिसऱ्या बाकावर बसायचीस". दोन दिवसांत चौदा जणी बाहेर. एकीच्या नवऱ्याने फोन करून मला विचारलं की माझ्या बायकोचा नंबर तू कोणाला विकलास. हे मी ऐकून घेतलंय, याने नाही.

खाडीकाठ
13 सप्टेंबर 2025, रात्री 9:48

ताई, ते लिहायचं टाळलं हे खरं. नंबर मीच चढवले. सगळ्यांना आनंद होईल असं वाटलं होतं.

माहेरवाशीण
13 सप्टेंबर 2025, रात्री 10:05

आनंद तुम्हाला झाला. असो, पुढचं मीच सांगते. वही मी परत घेतली. एकेकीला फोन करून विचारलं, हो म्हणाली तीच आमच्या वेगळ्या ग्रुपला, तिथे पुरुष नाहीत, गुड मॉर्निंग नाही. पहिल्याच रात्री मी हेडबाईंचं पाण्याचं लिहिलं. कोणी विचारलं नाही की संस्थेने का नाही करायचं, कारण आम्ही प्रत्येकजण त्या संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या. शंभर, दोनशे, एकीने पन्नास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुटव्हॉल्व्हचे, नव्या पाइपाचे आणि प्लंबरच्या मजुरीचे जमले. ऑक्टोबरपासून लटकलेलं काम मार्च संपायच्या आत झालं. एप्रिलमध्ये एक मुलगी बाईंना म्हणाली, नळ चालू ठेवून नुसतं बघत उभं राहावंसं वाटतं.

कोपऱ्यातला_बाक
13 सप्टेंबर 2025, रात्री 11:12

1989 वाल्यांचा नंबर मिळेल का, मला पण कोणीतरी रात्री साडेदहाला ओळखावं असं वाटतं. (पळतो.)

देवगडी
14 सप्टेंबर 2025, सकाळी 9:30

आमच्या शाळेत पण ह्याच रडगाणा आसा बाबा. संडास, पाणी आणि छप्पर. तुमच्याकडे निसर्ग वादळात छप्पर गेलेलां ना? त्याचां काय केलात? आमचा संघ पत्रे घालूया म्हणता, जुने मास्तर कौलां म्हणतत, दोन वर्षां नुसत्यो मीटिंगा चालल्यात.

खाडीकाठ
14 सप्टेंबर 2025, दुपारी 3:40

छपराचं विचारू नये असं मनोमन वाटत होतं. विचारलंत तर घ्या.

3 जून 2020 ला निसर्ग आलं तेव्हा अर्ध्या इमारतीची कौलं वाळक्या पानांसारखी उडाली, त्या अर्ध्यावर मग मिळालेल्या मदतीतून पत्रे आले. उरलेली अर्धी अजून मंगलोरी कौलांचीच. पत्र्याखाली मार्चमध्ये पोरं भाजतात आणि पावसात मास्तरांचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही, कौलाखाली बरं वाटतं पण दर वर्षी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा लावणं, आली, माकडं आहेतच. त्यामुळे देवगडी, दोन्हीत काही ना काही भोगायचंच आहे, तुम्ही फक्त रिपा आणि वासे आधी बघून घ्या. वर काय घालायचं त्यावर लोक भांडत बसतात आणि खाली वाळवी.

तर यंदाची शाकारणी 24-25 मे, शनिवार-रविवार ठरली, मुंबईहून वीसेक जण श्रमदानाला येणार, मटणाचा बेत, टीशर्ट छापून झालेले. आमचे शाकारणारे दोघे म्हणाले आम्हाला त्या दोन दिवसांत दुसरीकडे जायचंय, आम्ही आधी येऊन कौलं उतरवून देतो. मी म्हटलं चालेल. पाऊस काय जूनशिवाय येत नाही. 19 तारखेला अर्ध्या ऑफिसवरची कौलं खाली. 20 च्या रात्रीपासून जो लागला तो लागलाच. मान्सून कोकणात 25 मेला पोचला, इतक्या लवकर कितीतरी वर्षांत आला नव्हता, पण आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच धो धो. ताडपत्री रात्री दोनला फाटली. कपाट लोखंडी होतं पण वरून गंजलेलं, भोकातून पाणी सरळ जनरल रजिस्टरांवर.

ज्या रजिस्टरांवरून आत्या नि ताईने नावं जुळवली होती तीच ही. सकाळी आम्ही पाच जणांनी ती उचलून माझ्या घरी आणली. आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या पालथ्या घातल्या, त्यावर रजिस्टरं उघडी, पेट्यांत घालायला आणलेली रद्दी वर्तमानपत्रं एकेका पानामध्ये, दोन पंखे, आणि लाईट गेली की पुठ्ठ्याने वारा. पान ओढायचं नाही, बोटाने नुसतं सोडवायचं, नाहीतर चिकटलेल्या पानावरचं अर्धं नाव समोरच्या पानावर जातं. काळ्या शाईची सालं टिकली. निळ्या शाईत लिहिलेली तीन सालं आहेत, 1971 ते 73, ती पसरली, जन्मतारखेचे रकाने आकाशासारखे झालेत. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या नुसत्या एकेक रद्दीचा कागद बदलत होत्या आणि मला ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

शाळा 16 जूनला भरली तेव्हा छप्पर पूर्ण होतं, कारण मुंबईचे बाराजण पावसात आले. टीशर्ट घालून भिजले. दादर_स्लो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं, मुंबईकर नुसते पैसे टाकतात असं मी पुन्हा म्हणणार नाही. यंदा म्हणणार नाही, एवढं नक्की.

निळ्या शाईची पानं पुन्हा लिहून काढायचं काम आता आत्या आणि ताईच्या वहीवर चाललंय. शाळेचं मूळ रजिस्टर आपण हात लावून दुरुस्त करू शकत नाही, ते बाईंनी रीतसर वर कळवलंय, आमची आपली वेगळी यादी.

फळा_खडू
14 सप्टेंबर 2025, सायंकाळी 6:25

1971 ते 73 च्या कोणाकडे जुना शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावर जनरल रजिस्टर नंबर असतो. झेरॉक्स मागवा. लोक दाखला कधी टाकत नाहीत, ट्रंकेत तळाला असतो.

खाडीकाठ
14 सप्टेंबर 2025, रात्री 8:50

सर, हे सुचलंच नव्हतं. ताई, ग्रुपवर टाकशील?

आणि हो, यंदाची सभा 3 सप्टेंबरला झाली. मी राजीनामा लिहून खिशात घेऊन गेलो होतो, किटली आणायला दुसऱ्याला पाठवलं. तरी खजिनदार मीच. फक्त सेक्रेटरी आता ताईंच्या ग्रुपमधल्या एक जणी आहेत. म्हणजे पुन्हा चेंज रिपोर्ट, 2 डिसेंबरच्या आत. त्याआधी 30 सप्टेंबरपर्यंत ऑडिट. सीएने डबा उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, हे 340 काय आहेत.

गुपचूप_वाचक
14 सप्टेंबर 2025, रात्री 11:40

नऊ वर्षं इथे नुसता वाचतोय, आज यासाठी लॉगिन काढलं. 2016 चे ते 340 माझ्याकडे होते. त्यातूनच टेबलं-खुर्च्या परत पोचवायला टेम्पो केला, त्याने 400 घेतले. म्हणजे संघ मला 60 रुपये देणं लागतो.

खाडीकाठ
14 सप्टेंबर 2025, रात्री 11:43

टेम्पोची पावती आहे का?